वाचनास पारितोषिक : रमण्याच्या दक्षिणेपासून तिरोड्याच्या वाचनालयापर्यंत

१. विषयप्रवेश

शाळेच्या बक्षिसाचें एखादें जुनें पुस्तक रद्दीच्या दुकानांतून संग्राहकाच्या हातीं येतें, तेव्हां त्याच्या पुठ्ठ्याच्या आंतील बाजूस पुष्कळदां एक छापील चिठ्ठी डकविलेली असते. शाळेचें नांव, इयत्ता, विद्यार्थ्याचें नांव, बक्षिसाचें कारण, तारीख आणि सही एवढाच तिच्यांतील मजकूर. ग्रंथ निर्मळ करण्याच्या हौसेनें ही चिठ्ठी सोलून काढली जाते. सार्वजनिक वाचनालयांतून बाद झालेल्या पुस्तकाची गतही निराळी नाहीं. शिक्का खरवडला जातो, देवघेवीच्या तारखांचा कागद फाडला जातो, आणि मग तें पुस्तक कपाटांत ठेवण्याच्या योग्यतेचें समजलें जातें.

वाचनास उत्तेजन देण्याकरितां महाराष्ट्रांत राज्यकर्त्यांनीं व दात्यांनीं अनेक शतकें द्रव्य खर्च केलें आहे. तें द्रव्य कोणाच्या हातीं पडलें आणि त्यायोगें वाचन कितपत वाढलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. या विचारांतीं असें दिसून येईल कीं, दान प्रथम पुराण सांगणारास मिळालें, पुढें ग्रंथ लिहिणारास मिळालें, त्यानंतर ग्रंथ ठेवणाऱ्या संस्थेस मिळालें. वाचणारा मात्र शेवटपर्यंत दारांतच उभा राहिला. त्याच्या अस्तित्वाचा जो पुरावा उरला आहे, तो वर सांगितलेल्या चिठ्ठ्यांत व कागदांत आहे. तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं तर हा पुरावा गेला म्हणजे वाचनाचा इतिहासच गेला, असें समजावयास हरकत नाहीं.

२. ग्रंथदान व पुराणिकाची वृत्ति

ग्रंथदानाची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत रचलेल्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत विद्यादानाचें प्रकरण आहे. ग्रंथ लिहवून घेणें, तो सत्पात्रीं किंवा देवालयास अर्पण करणें आणि त्याचें वाचन चालू राहील अशी तजवीज करणें हीं पुण्यकर्में होत, असें तेथें पुराणवचनांच्या आधारें सांगितलें आहे. यांतील शेवटला भाग लक्षांत घेण्याजोगा आहे. नुसती पोथी देऊन दान पुरें होत नसे. ती वाचणारास निर्वाह लावून द्यावा, म्हणजे श्रोत्यांस तिचा लाभ फुकट मिळेल, अशी ही योजना होती. पुढील काळांत देवळांतील पुराणिकांस जीं वर्षासनें व इनामें चाललीं, तीं याच कल्पनेचीं फळें होत. एक मनुष्य वाची व गांव ऐके, अशा त्या व्यवस्थेंत वाचनाचें उत्तेजन म्हणजे त्या एका मनुष्याच्या पोटाची सोय एवढाच अर्थ होता.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस पुष्पिकेचें महत्त्व सांगावयास नको. पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव, लिहविणाराचें नांव, शक, संवत्सर, तिथि, गांव आणि कोणाच्या पठनार्थ लिहिली ही हकीकत असते. ती नसेल तर पोथीची किंमत निम्म्यानें उतरते, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. मुद्रित ग्रंथावर लेखकाची पुष्पिका नसते. परंतु तो कोणासाठीं, कोठें व कशाकरितां दिला गेला हें सांगणारी चिठ्ठी असूं शकते. पोथीवर जें आपण शोधून काढतों, तेंच छापील पुस्तकावरून आपण सोलून टाकतों, ही विसंगति प्रथम नजरेस आणणें जरूर वाटतें.

३. रमण्याची दक्षिणा

श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं पाडला. दाभाड्यांच्या घराण्याचें बळ इ. स. १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर ओसरलें आणि हा प्रघात पेशव्यांनीं पुण्यास पुढें चालविला. पर्वतीच्या पायथ्याशीं रमणा बांधून तेथें दक्षिणा वांटली जाई. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे, आणि इतर जमावास रमण्याच्या दारांतून सोडतांना थोडेंबहुत द्रव्य हातावर ठेवलें जाई. पुढें पुढें विद्येची कसोटी मागें पडून जमावच मोठा झाला. नुसत्या उपस्थितीस दान मिळूं लागलें म्हणजे दानाचा मूळ हेतु कसा झिजतो, याचें हें घरचेंच उदाहरण आहे. त्याचा उपयोग या लेखाच्या अखेरीस होणार आहे.

पेशवाई १८१८ मध्यें संपली. एल्फिन्स्टननें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिच्यांतील कांहीं द्रव्य पाठशाळेकडे वळविण्यांत आलें व ऑक्टोबर १८२१ मध्यें पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली गेली. यानंतरची महत्त्वाची घटना १८४९ सालची. गोपाळ हरि देशमुख प्रभृति मंडळींनीं सरकारकडे अर्ज केला कीं, दक्षिणेचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा. पुण्याच्या जुन्या मंडळींत याविषयीं मोठा क्षोभ झाला. तथापि १८५१ मध्यें दक्षिणा प्राईझ कमिटी स्थापन झाली. पठन करणाराचें द्रव्य लेखन करणाराकडे वळलें, तें अशा रीतीनें.

या कमिटीच्या उत्तेजनानें मराठीस भाषांतरें व स्वतंत्र ग्रंथ मिळाले, हें निर्विवाद आहे. परंतु बक्षिसाच्या द्रव्याबरोबर निवडीचा अधिकारही कमिटीच्या हातीं गेला. जोतीराव फुले यांनीं १८५५ मध्यें तृतीय रत्न हें नाटक लिहून कमिटीकडे पाठविलें, तें स्वीकारलें गेलें नाहीं. आज मराठी नाटकाच्या इतिहासांत ज्या कृतीचा उल्लेख अवश्य होतो, ती त्या वेळीं बक्षिसास पात्र ठरली नाहीं. कोणतें वाचन उत्तेजनास योग्य आहे, हें ठरविणारी माणसें थोडीं व एकाच वर्गांतील असलीं म्हणजे काय होतें, याचा हा धडा आहे. लोकांस काय वाचावेंसें वाटतें हें कमिटीनें विचारलें नाहीं. विचारण्याचें साधनही तिजपाशीं नव्हतें.

४. वर्गणीचीं वाचनालयें

त्याच गोपाळ हरि देशमुखांचा संबंध पुण्याच्या नेटिव्ह जनरल लायब्ररीशीं आहे. ही संस्था १८४८ मध्यें स्थापन झाली व आजचें पुणें नगर वाचन मंदिर तें हेंच. म्हणजे अर्जाच्या आदल्याच वर्षीं वाचनालयाचा उद्योग झालेला होता. ग्रंथ निर्माण करणें व ते लोकांच्या हातीं पोंचविणें हीं दोन कामें एकाच मंडळीनें लागोपाठ हातीं घेतलीं. याच्या आधीं रत्नागिरीस १८२८ मध्यें, अहमदनगरास १८३८ मध्यें व नाशिकास १८४० मध्यें वाचनालयें निघालीं होतीं. कोल्हापुरास १८५० मध्यें निघालें. वऱ्हाडांत अकोल्याचें वाचनालय १८६० चें आणि अमरावतीचें १८६७ चें आहे.

हीं वाचनालयें मुख्यतः वर्गणीवर चालत. वर्गणी देणारा वर्ग सरकारी नोकर, वकील, शिक्षक व पेढीवाले यांचा. दात्यांनीं इमारती दिल्या, कपाटें दिलीं, आपल्या घरचे संग्रह दिले. त्या सर्वांची नांवें भिंतींवरील संगमरवरी पाट्यांवर आहेत. वाचणारांचीं नांवें पाट्यांवर नाहींत. तीं वह्यांत आहेत, आणि वह्या माळ्यावर आहेत.

शाळांची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांतून एक प्रसंग सांगितला जातो. बक्षीससमारंभाच्या वेळीं अकरा वर्षांच्या एका मुलीनें पाहुण्यांस म्हटलें कीं, आम्हांस खेळणीं व खाऊ नको, शाळेस वाचनालय पाहिजे. या एका मागणींत आपल्या विषयाचें सारें मर्म आलें आहे. बक्षीस घरीं नेलें तर एका मुलीचें झालें. तेंच पुस्तकरूपानें शाळेंत राहिलें तर तिच्या मागून येणाऱ्या सर्व मुलींचें झालें.

न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९८ मध्यें मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीं जें टिपण लिहिलें, त्यांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा आढावा घेतला आहे. शंकर गणेश दाते यांनीं तर १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि अपार कष्टानें सिद्ध केली. ग्रंथांची गणना अशी झाली. वाचकांची गणना करणारा दाते अद्याप निघावयाचा आहे.

५. बडोद्याचा प्रयोग

दान व वाचन यांची खरी सांगड प्रथम बडोदें संस्थानांत घातली गेली. सयाजीराव महाराजांनीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण प्रथम १८९३ मध्यें अमरेली भागांत व १९०६ मध्यें सर्व संस्थानांत सुरू केलें. शाळा सोडल्यावर मुलांच्या हातीं पुस्तकें आलीं नाहींत तर शिकलेलीं अक्षरें तीं विसरतात, हें ध्यानीं घेऊन त्यांनीं १९१० मध्यें अमेरिकेंतून विल्यम बॉर्डन यांस आणविलें आणि मध्यवर्ती ग्रंथालयाची व गांवोगांवच्या वाचनालयांची उभारणी आरंभिली. पुस्तकांच्या पेट्या भरून त्या दूरच्या गांवीं पाठविण्याची फिरत्या वाचनालयांची व्यवस्थाही याच सुमारास सुरू झाली.

या योजनेंतील मदतीचा नियम विशेष मननीय आहे. लोकांनीं जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांतपंचायतीनें द्यावी व तेवढीच सरकारनें द्यावी. या रकमेची वार्षिक मर्यादा प्रांताच्या ठिकाणीं ७०० रुपये, मोठ्या गांवीं ३०० रुपये व खेड्यास १०० रुपये अशी होती. गांवानें हालचाल केली नाहीं तर सरकारची एक पैही मिळत नसे. गांवानें १०० रुपये उभे केले तर त्यांचे ३०० होत. त्याच काळीं अँड्र्यू कार्नेजी हे पाश्चात्य देशांत वाचनालयांच्या इमारती बांधून देत होते. त्यांचीही अट अशीच होती कीं, गांवानें जागा द्यावी आणि इमारतीच्या किंमतीच्या दशमांशाइतकी रक्कम दरवर्षीं खर्चास देण्याचें कबूल करावें. दोन्ही ठिकाणीं दात्यानें घेणाऱ्यास भागीदार केलें.

संशोधकांस या प्रयोगाचा आणखी एक धागा परिचित आहे. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागांतूनच गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ मध्यें निघाली व १९२७ मध्यें प्राच्यविद्यामंदिर उभें राहिलें. खेड्यांतील मुलास गोष्टीचें पुस्तक पोंचविणारी संस्था आणि राजशेखराच्या काव्यमीमांसेची हस्तलिखित प्रत शोधून छापणारी संस्था एकच होती. ठाण्यासही असेंच घडलें. महाराष्ट्र सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे हे १८९३ मध्यें निघालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकीं होते आणि महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांतील वाङ्मय उजेडांत आणणारांतही त्यांचें नांव आहे. लोकांचें वाचनालय हें काम गौण व पोथ्यांचा संग्रह हें काम श्रेष्ठ, असा भेद त्या पिढीनें मानला नाहीं.

६. वैनगंगेच्या खोऱ्यांत

आतां तिरोड्याकडे वळूं. तिरोडा हें नागपूर-गोंदिया लोहमार्गावरील तालुक्याचें गांव पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होतें. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाल्यापासून तें त्या जिल्ह्यांत आहे. हा सारा टापू वैनगंगेच्या खोऱ्याचा. प्राचीन मराठीच्या अभ्यासकांस हें खोरें अपरिचित नाहीं. श्रीचक्रधरांच्या शिष्यांपैकीं नीळभट्ट भांडारेकर यांचें नांवच भंडाऱ्याशीं त्यांचा संबंध सांगतें, आणि मुकुंदराजाच्या वास्तव्याचा मान सांगणाऱ्या स्थळांत वैनगंगेवरील आंभोरें हें एक आहे.

असें असून या भागाचा वाचनालयांचा इतिहास पश्चिम महाराष्ट्राच्या इतिहासावरून लिहितां येत नाहीं. कारण राज्यव्यवस्थाच निराळी होती. नागपूरचें भोसल्यांचें राज्य खालसा झाल्यावर भंडारा जिल्हा १८६१ मध्यें मध्यप्रांतांत आला. पुढें तो मध्यप्रांत व वऱ्हाड, नंतर १९५० पासून मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र असा एका राज्यांतून दुसऱ्यांत गेला. त्यामुळें दक्षिणा प्राईझ कमिटी, बडोद्याची योजना, कोल्हापूर संस्थानचा १९४५ चा ग्रंथालय कायदा, किंवा मुंबई सरकारनें नेमलेल्या फैजी समितीच्या १९४० च्या अहवालानें आंखलेली वाचनालयांची साखळी, यांपैकीं कोणत्याही गोष्टीचा लाभ तिरोड्यास त्या त्या काळीं होण्यासारखा नव्हता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्यें होऊन १ मे १९६८ पासून अंमलांत आला, तेव्हां कोंकण, देश व विदर्भ प्रथमच एका नियमाखालीं आले.

मध्यप्रांतांत निराळी रीति आजमावली गेली. पंडित रविशंकर शुक्ल यांनीं १९३७ नंतर विद्यामंदिर योजना काढली. तिच्यांत गांवच्या दात्यानें जमीन द्यावी व तिच्या उत्पन्नावर गांवची शाळा चालावी अशी कल्पना होती. देवळास दिलेल्या इनाम जमिनीवर पुराणिक पोसण्याची जुनी रीत येथें शाळेस लागू केलेली दिसते. दानाचें रूप जुनें व कार्य नवें असा हा मेळ होता.

भाषेचा प्रश्नही येथें निराळा आहे. तिरोड्याच्या आसपास मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत व्यवहार चालतो, घरांत पोवारी बोलणारीं व गोंडी बोलणारीं कुटुंबें आहेत. अशा गांवच्या शाळेची जुनी दाखल-नोंदवही पाहिली तर १९५६ पूर्वीं हिंदी पुस्तकें किती व मराठी किती घेतलीं, १९६० नंतर तें प्रमाण कसें पालटलें, आणि देवघेवीच्या वहींत मुलांची ओढ कोणीकडे होती, हें वर्षावार काढतां येतें. राज्यपुनर्रचनेचा परिणाम सामान्य माणसाच्या वाचनावर काय झाला, हें सांगणारें दुसरें साधन नाहीं.

७. सांप्रतचीं पारितोषिकें

सांप्रत वाचन व विद्या यांस उत्तेजन देणारीं पारितोषिकें तीन प्रकारचीं आढळतात. पहिला प्रकार विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेस मिळणाऱ्या पदकांचा. गोंदियाचे मनोहरभाई पटेल यांनीं १९५८ मध्यें गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली व या मागासलेल्या भागांत शाळांचें जाळें विणलें. त्यांच्या जयंतीस, ९ फेब्रुवारीस, परीक्षेंत विशेष यश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांस सुवर्णपदकें देण्याचा प्रघात आहे. जेथें शाळाच थोड्या होत्या, तेथें परीक्षेंतील यशास प्रतिष्ठा देणें हें मोठें कार्य होतें. परंतु परीक्षेचें यश व स्वेच्छेचें वाचन या गोष्टी एक नव्हेत, हें दात्यांसही मान्य होईल.

दुसरा प्रकार संस्थांच्या व सेवकांच्या गौरवाचा. महाराष्ट्र शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नांवें व उत्कृष्ट कार्यकर्ते आणि सेवक यांस डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या नांवें पुरस्कार देतें. पहिलें नांव बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्यें परदेशीं जाऊन पुढें पुस्तकांसाठीं घर बांधणाऱ्या पुरुषाचें, आणि दुसरें १९३१ मध्यें ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें सांगणाऱ्या आचार्यांचें. दोन्ही नांवें यथायोग्य आहेत. तिसरा प्रकार साहाय्याचा. कलकत्त्यास १९७२ मध्यें स्थापन झालेलें राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांच्या वाट्याशीं आपला वाटा जोडून ग्रंथालयांस पुस्तकें पुरवितें. बडोद्याच्या वाट्यांच्या नियमाचें हें देशव्यापी रूप म्हणतां येईल. याखेरीज १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रांत २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो.

पदक परीक्षार्थ्यास मिळतें, पुरस्कार संस्थेस व सेवकास मिळतो, साहाय्य कपाटास मिळतें. शाळा सुटल्यावर शेतावरून येऊन वाचनालयांत बसणाऱ्या मुलीस, किंवा तेंदूपानाच्या हंगामानंतर वर्तमानपत्र वाचावयास येणाऱ्या मजुरास या तिन्हींपैकीं कांहींही लागू पडत नाहीं. पहिल्या परिच्छेदांत म्हटलें तें हेंच.

८. वाचकाचीं साधनें

वाचक शोधावयाचा तर कोठें शोधावा? वाचनालयाच्या व शाळेच्या कागदांत पुढील साधनें सांपडतात. दाखल-नोंदवहींत पुस्तक कोणत्या दिवशीं आलें, खरेदीनें कीं देणगीनें, आणि काय किंमतीस, हें असतें. वर्गणीदारांच्या यादींत वाचकाचा धंदा व राहण्याची पेठ कळते. इतिवृत्तांत कोणतें पुस्तक घ्यावें व कोणतें घेऊं नये याविषयींचे वाद असतात. फुल्यांच्या नाटकाच्या वेळीं काय बोलणें झालें असेल, त्याचे लहान नमुने तेथें मिळतील. मागणीच्या वहींत लोकांनीं स्वतः लिहिलेलीं नांवें असतात, म्हणजे जें विचारण्याचें साधन दक्षिणा प्राईझ कमिटीपाशीं नव्हतें तें हेंच. सर्वांत मोलाची देवघेवीची वही. पुस्तक किती वेळां व किती दिवस बाहेर होतें याची ती साक्ष आहे. दात्यांच्या सूचींतून ग्रंथाचा जन्म कळतो, या वहीवरून त्याचें आयुष्य कळतें.

बक्षिसाच्या चिठ्ठीचें मोलही असेंच आहे. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत रविवारच्या पाठशाळांतून व सार्वजनिक शाळांतून बक्षिसासाठीं म्हणून खास पुस्तकमाला निघत. आज तेथील अभ्यासक त्या पुस्तकांवरील चिठ्ठ्या जुळवून कोणत्या वर्गाच्या मुलांपुढें कोणतें वाङ्मय ठेवलें गेलें हें दाखवितात. नियमित हजेरीबद्दल बक्षीस, पाठांतराबद्दल बक्षीस, शिवणाबद्दल बक्षीस, अशा कारणांची नोंद असलेल्या पांचपंचवीस मराठी चिठ्ठ्या एका तालुक्यांतून जमल्या, तरी त्या काळच्या शाळेनें कशास विद्या मानलें तें स्पष्ट होईल.

हीं साधनें नष्ट होण्यास आग किंवा पूर लागत नाहीं. वाचनालयाची जागा बदलते, जुन्या वह्या ओलीनें चिकटतात, संगणकावर नोंदी घेतल्यावर हस्तलिखित वह्या निरुपयोगी ठरतात, आणि पुस्तकें बाद करतांना त्यांच्या याद्याही रद्दींत जातात. पेशवे दप्तराचा एक रुमाल नाहींसा झाला तर हळहळणारे आपण, या वह्यांकडे लक्ष देत नाहीं. कारण त्यांत राजे व सरदार नाहींत. परंतु तिरोड्याच्या शंभर मुलांनीं एका वर्षांत काय वाचलें, हें सांगणारा कागद दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत मिळावयाचा नाहीं.

९. कांहीं सूचना

वरील इतिहासावरून तालुक्याच्या ठिकाणीं वाचनाचें पारितोषिक कोणी ठेवूं इच्छील, तर त्याच्या नियमांविषयीं पुढील गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट : पारितोषिक नुसत्या संख्येवर देऊं नये. अमुक पुस्तकें नेणारास अमुक बक्षीस असें ठरविलें तर वहींत नांवें वाढतील व पुस्तकें उघडलीं जाणार नाहींत. रमण्याच्या दारांतील जमावाचीच ती पुनरावृत्ति होईल. वाचलेल्या पुस्तकाविषयीं मुलानें चार वाक्यें बोलून दाखवावीं आणि ऐकणारानें तीं टिपून ठेवावीं, एवढी साधी कसोटी पुरे.

दुसरी : पारितोषिकाचें द्रव्य पुस्तकरूपानें वाचनालयांतच राहावें. पुस्तक वाचकानें निवडावें, आणि त्यावरील चिठ्ठीवर त्याचें नांव व वर्ष असावें. सावित्रीबाईंच्या चरित्रांतील त्या मुलीनें मागितलें तें हेंच. वाचकाचें नांव संगमरवराऐवजीं ग्रंथावर राहील, व पुढील संशोधकास तें सांपडेल.

तिसरी : दात्यानें गांवाचा वाटा मागावा. तो थोडा असला तरी चालेल. परंतु तो असला म्हणजे दाता गेल्यावरही पारितोषिक टिकतें.

चवथी : निवड करणारांत निरनिराळ्या थरांतील माणसें असावींत, आणि पोवारी, गोंडी, हिंदी व मराठी यांपैकीं वाचकास जी जवळची वाटेल त्या भाषेंतील पुस्तक पारितोषिकास चालावें. घरची बोली दाराबाहेर ठेवून वाचनाची गोडी आंत येत नाहीं.

पांचवी सूचना संग्राहकांस उद्देशून आहे. शाळेचें किंवा वाचनालयाचें बाद पुस्तक हातीं आलें तर त्यावरील चिठ्ठी, शिक्का व तारखांचा कागद काढूं नये; काढलेला असेल तर त्याच्याजवळ ठेवावा. आपल्या गांवच्या वाचनालयाच्या चिटणीसांस भेटून जुन्या वह्यांची यादी करावी, मूळ वह्या तेथेंच राहूं देऊन त्यांचीं छायाचित्रें घ्यावींत, आणि हयात माणसांच्या वाचनाच्या नोंदी त्यांच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नयेत. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जे रुमाल वांचविले, ते त्या वेळीं त्यांच्या मालकांसही निरुपयोगीच वाटत होते. देवघेवीच्या वहीचा काळ आतां आला आहे. आणखी एक पिढी गेल्यावर ती मागावयास जाणारास वाचनालय असेल, पुस्तकें असतील, दात्याची पाटीही असेल, आणि वाचणारा मात्र कोठेंच सांपडणार नाहीं.